गाडीच्या छताला आतून बसवलेलं होकायंत्र-तापमानाचं युनिट येड्यासारखं करतंय?

बघ गा, आधी छताचं कव्हर उचकटू नकोस. स्क्रीन काय दाखवते ते वाच. निपाणीत ऊन भाजतंय आणि तापमानाचा आकडा उणे ४०, असं असेल तर बहुतेक वेळा बाहेरच्या सेन्सरची वायर तुटलेली असते, नाहीतर कनेक्टर निखळलेला. हा सेन्सर सहसा पुढच्या बंपरमागे, जाळीपाशी असतो. खानापूरच्या पावसाळ्यात तिथं चिखल बसतो, पिना हिरव्या पडतात. त्या घासून साफ कर. सेन्सर काढून मल्टिमीटर लाव, मुठीत धर. ऊब लागली की ओहम, म्हणजे विजेचा रोध, उतरायला हवेत. उतरले नाहीत तर सेन्सर गेला. सिग्नलला उभं असताना आकडा चढतो ती इंजिनची धग, तो बिघाड नव्हे.

बेळगावहून पश्चिमेला चोर्ला घाटाकडे निघालास आणि होकायंत्र पूर्वच म्हणतंय? मोबाईलचा चुंबकी होल्डर आधी काढ. मग मोकळं मैदान गाठ. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडपाशी नको, विजेच्या तारांखालीही नको. मॅन्युअल बघून कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा नव्यानं जुळवणं, चालू कर आणि सावकाश गोल फेऱ्या मार.

टिचकी मारल्यावरच स्क्रीन उजळत असेल तर आतल्या सर्किटचं सोल्डर (डाग दिलेला जोड) तडकलं असण्याची शक्यता जास्त. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे ने. गॅरेजवाला सरळ नवं युनिट घाल म्हणेल.