घराघरांत पुरेसं, चांगलं अन्न पोचतं का, याचा वस्तीत पहिल्यांदाच सर्वे करताय? मग एवढं वाचा

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीपासून सुरुवात करताय, उत्तम. तीस-चाळीस घरं पुष्कळ झाली, पण नीट बसून करा.

प्रश्न स्वतः रचू नका. एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) ८ 'हो-नाही' प्रश्नांची यादी तयार आहे. ती अन्नाच्या काळजीपासून सुरू होते आणि दिवसभर उपाशी राहण्यापर्यंत जाते. क्रम मोडू नका. १२ महिन्यांचं विचारायचं की ३० दिवसांचं, तेही आधीच ठरवा.

नवीन मंडळी हमखास इथं चुकतात:

- "पोटभर मिळतं ना?" असं विचारणं. पाहुण्यासमोर नाही कोण म्हणेल? एका पत्र्याच्या खोलीत आजी मला म्हणाल्या, "झालं की जेवण," आणि वर चहाही टाकला. नंतर सहज विचारलं, काल काय काय खाल्लं? सकाळी भाकरी-ठेचा, रात्री भाकरी-ठेचा. पोट भरलेलं होतं, खोटं काहीच नव्हतं. ताटात भाजी-वरण मात्र नव्हतं.
- रेशन कार्ड दिसलं की निश्चिंत होणं. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं. मेथीची जुडी त्यात येत नाही. शिवाय भाड्यानं राहणाऱ्या कित्येकांचं कार्ड अजून गावाकडंच असतं.
- फक्त नवऱ्याला विचारणं. घरात शेवटी जेवते ती बाई, तिच्याशीही बोला. (सासू उठून गेल्यावर जास्त बोलते.)

बाजार किती लांब, हे नकाशावर मोजू नका. चालून बघा, मे महिन्यात तर नक्कीच. हातगाडीवरचे भावही टिपा.

निर्देशांक, सॉफ्टवेअर वगैरे सध्या राहू द्या. पहिली दहा घरं झाली की वही घेऊन या, सोबत बसून बघू.