'गार्डन्स ऑफ द मून' अर्ध्यात सोडण्याआधी

या पुस्तकाबद्दल 'डोक्यावरून गेलं' आणि 'याला तोड नाही', दोन्ही ऐकून गोंधळू नका. दोन्ही वाचक खरं तेच बोलतायत. स्टीव्हन एरिक्सनची ही फँटसी कादंबरी १९९९ची, दहा भागांच्या मालिकेतली पहिली. लेखक हाताला धरून काही समजावत नाही. सुरुवातीला गडावर एक मुलगा उभा, खाली शहरात जळतंय. पुढच्याच प्रकरणात वर्षं उलटलेली. 'वॉरेन' हा शब्द येतो, अर्थ येत नाही. तूर्त 'जादू जिथून ओढतात ती जागा' एवढं धरून चाला.

पात्रांची यादी पुस्तकाच्या सुरुवातीला आहे, गटवार. तिथे खूणचिठ्ठी ठेवा. शब्दसूची मागे. ई-बुकात ही मागेपुढे चाळाचाळ जिकिरीची होते, म्हणून पहिल्यांदा छापील प्रतच घ्या. विकीवर नाव शोधू नका, पहिल्याच ओळीत कोण मेलं ते कळतं!

बरेच जण पाचव्या प्रकरणाशी अडखळतात: पेल शहर मागे पडतं, दारुजिस्तान सुरू होतं, माणसं सगळी नवी. तिथे थांबू नका. सातवं संपेपर्यंत वाचा, सलग, रोज थोडं तरी. आठवड्याचा खाडा पडला की धागे सुटतात. तोवर एकाही माणसात जीव गुंतला नाही, तर खुशाल ठेवून द्या.