रॉ शूट करून, लट लावूनही व्हिडिओ फिल्मसारखा का दिसत नाही?

तुम्ही ब्लॅकमॅजिकच्या कॅमेऱ्यावर रॉ (सेन्सरची जवळजवळ कच्ची माहिती) शूट केलंत, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडॅकचा लट (LUT, रंग बदलायचा तयार तक्ता) लावलात, वर ग्रेन (फिल्मचा दाणेदारपणा) टाकलात, तरी चित्र मोबाईलवर काढल्यासारखं दिसतं, असं म्हणता. मी बेळगावात लग्नांचे व्हिडिओ करतो, खानापूर-निपाणीपर्यंत कामं असतात. हे सगळं दोन सीझन करून बसलोय.

लटचं आधी सांगतो, कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. कोडॅक २३८३ हा थिएटरात चालवायच्या प्रिंटचा स्टॉक, कॅमेऱ्यात घालायच्या निगेटिव्हचा नव्हे. रिझॉल्व्हमधला त्याचा लट सिनिऑन लॉग चित्राची, म्हणजे फिल्म स्कॅनसारख्या फिक्या, कमी कॉन्ट्रास्टच्या चित्राची, अपेक्षा धरतो. आपण तो रेक. ७०९ केलेल्या, म्हणजे टीव्ही-मॉनिटरसाठी आधीच तयार झालेल्या चित्रावर लावतो, म्हणजे कॉन्ट्रास्टवर कॉन्ट्रास्ट. नवरीच्या केसांचा काळा गोळा होतो. लटच्या आधीच्या नोडमध्ये (रिझॉल्व्हमधली ग्रेडिंगची एक पायरी) कलर स्पेस ट्रान्सफॉर्म हा इफेक्ट टाका, आउटपुटला रेक. ७०९ आणि गॅमा सिनिऑन फिल्म लॉग द्या. बाकी सगळं ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड जुळवणं, त्याच्याही आधी. लट जड वाटला तर त्या नोडचं ‘की आउटपुट’ (परिणामाचा जोर) निम्म्यावर आणा.

पण खरी गोम लटमध्ये नाहीच, ती उजेडात आहे.

खानापूरकडचं एक लग्न होतं, मे महिना, भर दुपार, अंगणात मांडव. नवरीचा चेहरा सावलीत, तिचे आजोबा पांढरं धोतर-फेटा घालून बरोबर उन्हाच्या पट्ट्यात. रॉ आहे की, नंतर बघू, म्हणत मी चेहऱ्याला एक्स्पोजर लावलं. घरी येऊन बघतो तर धोतराला एक चुणी शिल्लक नाही! खाली ओढलं की पांढऱ्याचं राखाडी ठिगळ व्हायचं. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, आयएसओ नंतर बदलता येतो. सेन्सर जिथं भरून वाहिला तिथलं काही परत येत नाही. ‘हायलाइट रिकव्हरी’ लाल-हिरवा-निळा यांपैकी न भरलेल्या चॅनेलवरून अंदाज बांधते, एवढंच. निगेटिव्हचं उलट असतं. उजेड वाढत जातो तशी तिची कर्व्ह (उजेडाला फिल्म किती दाद देते त्याची रेषा) वरच्या टोकाला हळूहळू वाकते, पांढरं फिकट होत जातं पण एकदम तुटत नाही. आपल्या डोळ्याला ‘फिल्म’ वाटतं ते बरंचसं हे वाकणंच.

म्हणून आता मी झेब्रा (फार उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) लावून पांढऱ्याला जपतो आणि चेहऱ्यावर भाच्याकडून थर्माकोल धरून उजेड घेतो. ग्रेड करताना कर्व्हचं वरचं टोक वाकवून धोतराचा उजळपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास थांबवायचा, आणि ‘लम व्हर्सेस सॅट’ (उजळपणानुसार रंगाचा गडदपणा) या कर्व्हमध्ये अगदी उजळ आणि अगदी काळ्या टोकांचा रंग थोडा कमी करायचा.

दुसरी गोष्ट हिरवा. जुलैत आमच्याकडं भाताची रोपं लावली की डिजिटलमध्ये शेत रेडियमसारखं चमकतं. फिल्मवर रंग गडद झाला की तो काळोखातही जातो, कारण तिथं डाय, म्हणजे फिल्ममधले रंगद्रव्य, उजेड शोषत असतात. डिजिटलमध्ये सॅच्युरेशन वाढवलं की रंग उजळच राहतो. ‘ह्यू व्हर्सेस लम’मध्ये (एकेका रंगाचा उजळपणा) हिरवा खाली घ्या, ‘ह्यू व्हर्सेस ह्यू’मध्ये (एक रंग दुसऱ्याकडं सरकवणं) किंचित पिवळ्याकडं ढकला. हळदीच्या दिवशी मात्र जपून, पिवळ्याला हात लावला की अख्खं घर काविळीचं दिसतं.

शटरचंही बघा. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर १/५० सेकंद ठेवा (शटर अँगल १७२.८ अंश). आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे, ट्यूबलाइट फडफडत नाही आणि हालचालही फिल्मसारखी राहते.

हॅलेशन, म्हणजे दिव्याच्या कडेची तांबूस झाक, मी फक्त रात्रीच्या वराती-मिरवणुकीला वापरतो. उजेड फिल्मच्या पाठीवरून परतून तळातल्या लाल थराला आधी लागतो, म्हणून ती लाल. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत छान दिसली, पण सगळीकडं घातली की अख्खी फिल्म धुरकट होते.

ग्रेन सगळ्यात शेवटी, मिडटोनला (मधल्या उजेडाच्या भागाला) जास्त, पांढऱ्यावर जवळजवळ नाही. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत त्याचं इफेक्ट नाही, स्कॅन केलेल्या ग्रेनची क्लिप ओव्हरले मोडमध्ये वर ठेवा. गिऱ्हाइकाला व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरच पाठवायचा असेल तर तेवढंही करू नका, कॉम्प्रेशनमध्ये त्याचं पिठलं होतं.