व्हिएन्नात चार रात्री, पहिलाच परदेश प्रवास आणि तोही एकटीने: काय आधी ठरवायचं आणि काय तिथे गेल्यावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसची मोजकी सुट्टी, व्हिएन्नात चार रात्री, सोबत कुणी नाही, जर्मन येत नाही आणि तुम्ही शाकाहारी आहात.

शहर चांगलं निवडलंत. एकटीने फिरताना खरी अडचण एकच असते. काही चुकलं तर सावरायला दुसरं माणूस नसतं. सामानाजवळ थांबायला कुणी नाही, तुमचा फोन बंद पडला तर दुसऱ्याच्या फोनवर बुकिंग नाही. म्हणून सगळी मेहनत घात होण्याच्या जागांवर घाला: व्हिसा, उतरल्यानंतरचे पहिले दोन तास, जेवण आणि रविवार. बाकी दिवस मोकळे सोडलेत तरी हे शहर तुम्हाला सांभाळून घेईल.

व्हिसाची फी ९० युरो, व्हीएफएसचे, म्हणजे अर्ज घेणाऱ्या कंपनीचे, पैसे वेगळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने किमान १५ दिवस आधी चालतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, म्हणून दोन-तीन महिने हातात ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांना, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांना, लागू असा हवा. एकटीच्या अर्जात अधिकाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: खर्च कोण करतंय आणि तुम्ही परत का येणार. त्यामुळे स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न आणि ऑफिसचं रजेचं पत्र, ज्यात कामावर परत रुजू होण्याची तारीख स्पष्ट असेल. हॉटेलचं बुकिंग तुमच्याच नावावर, स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. व्हिसावर 'तारखा' आणि 'दिवस' हे दोन वेगळे आकडे असतात. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. चार रात्री म्हणजे पाच दिवस.

विमान घेताना एक बघा. इमिग्रेशन होतं ते शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदललंत तर रांग तिथे लागते, व्हिएन्नात नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालं आहे, त्यामुळे पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो. तिथलं कनेक्शन अडीच तासांपेक्षा कमी असेल तर ते तिकीट मी घेऊ नका म्हणेन. दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ही तपासणी थेट व्हिएन्नात होते आणि पुढचं विमान चुकण्याची धास्ती राहत नाही.

दिवसाउजेडी उतरा. विमानतळ श्वेखातला, म्हणजे शहराच्या हद्दीबाहेर आहे, आणि पहिली चूक इथेच होते. 'कॅट' नावाच्या हिरव्या ट्रेनच्या पाट्या सगळीकडे दिसतात. ती १६ मिनिटांत वीन मिटे स्टेशनला पोचवते (वीन म्हणजे व्हिएन्नाचं जर्मन नाव), पण तिकीट वेगळं आणि महाग, आणि शहराचा पास तिच्यात चालत नाही. एस ७ ही साधी लोकलही वीन मिटेलाच जाते, साधारण २५ मिनिटांत. मुक्काम हाउप्टबानहोफजवळ, म्हणजे मुख्य स्टेशनाजवळ असेल तर रेलजेट ही ट्रेन घ्या, १५ मिनिटं. या दोन्हींचं तिकीट रेल्वेच्या लाल मशीनवर मिळतं. विमानतळ ते वीन असं पूर्ण तिकीट काढलंत तर त्याच तिकिटावर पुढे मेट्रो किंवा ट्रामने हॉटेलपर्यंत जाता येतं. मात्र २४ तासांचा शहराचा पास विमानतळाला लागू नाही. तो फक्त शहराच्या झोनपुरता. पास आधीच घेतला असेल तर हद्दीपासून विमानतळापर्यंतचं जोडतिकीट लागतं. परतीच्या दिवशी लोक हेच विसरतात.

मेट्रोला म्हणजे उबानला फाटक नसतं, कुणी अडवत नाही. पण कागदी तिकिटावर वेळ छापलेली नसेल तर ते निळ्या पेटीत घालून शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दंड १०० युरोंच्या वर जातो आणि 'मी पर्यटक आहे' हे कारण चालत नाही. ॲपवर काढलेलं तिकीट कागदी तिकिटापेक्षा थोडं स्वस्त पडतं आणि शिक्क्याची भानगड नाही, पण बॅटरी संपली की तिकीटही संपलं. पॉवर बँक जवळ ठेवा. उबानमध्ये खायला २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा पिशवीतला खाकरा उतरल्यावरच काढा.

राहण्याची जागा निवडताना पिनकोड वाचा. मधले दोन आकडे म्हणजे प्रभाग: १०७० म्हणजे सातवा, १०४० म्हणजे चौथा. पहिल्यांदा जाताना तिसरा, चौथा, सहावा किंवा सातवा प्रभाग घ्या, आणि उबानचं स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर हवं. गुर्टेल या मोठ्या वाहत्या रस्त्यावरची स्वस्त खोली टाळा, रात्रभर गाड्यांचा आवाज. घरगुती जागेचा पत्ता १२/२/९ असा असेल तर तो इमारत १२, जिना २, दार ९ असा वाचायचा. खालचा दरवाजा कुलूपबंद असतो आणि छोट्या 'पेन्शन'चं, म्हणजे घरगुती हॉटेलचं, रिसेप्शन संध्याकाळी बंद होतं. किल्ली कुठे मिळेल, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. होस्टेल घेणार असाल तर फक्त मुलींची डॉर्म मागा, बऱ्याच ठिकाणी असते.

आता जेवण. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फसगत मात्र होते, कारण नावावरून मांस ओळखू येत नाही. लेबरकेझे या शब्दात 'केझे' म्हणजे चीज आहे, पण पदार्थ आहे मांसाचा. केझक्राइनर हे चीज भरलेलं सॉसेज. फ्रिटाटेनसुपे हे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप. दिसायला निरुपद्रवी, पण पाणी असतं गोमांसाच्या रश्श्याचं. सगळ्यात फसवं म्हणजे बटाट्याचं सॅलड, एर्डॅपफलसालाट. नुसता बटाटा, कांदा, व्हिनेगर दिसतो, पण व्हिएन्नातल्या पद्धतीत तो बटाटा अनेकदा त्याच रश्श्यात मुरवलेला असतो. म्हणून 'व्हेजिटेरियन आहे का?' एवढं विचारून थांबू नका. 'ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक, ओने रिंट्सुपे' म्हणजे मांस, मासे, डुकराच्या चरबीचे तुकडे आणि गोमांसाचा रस्सा नको, हे वाक्य जर्मनमध्ये फोनच्या नोट्समध्ये ठेवा आणि वेटरला दाखवा. अंडं चालत असेल तर केझश्पेट्झले (चीज घातलेले पिठाचे गोळे) आणि कायझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) पोटभरीचे आहेत. नसेल चालत तर नाशमार्क्ट या बाजारातलं फलाफल, पिझ्झा आणि सुपरमार्केटचा ब्रेड-चीज. दुपारी हॉटेलांत 'मिटाग्समेन्यू' असतो, तोच पदार्थ संध्याकाळपेक्षा स्वस्त.

घरून चिवडा, थेपले, उपम्याची पाकिटं न्या. पेढे, बर्फी, पनीर नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खोलीत किटली असेलच असं नाही, विचारून घ्या. पाणी विकत घेऊ नका. नळाला आल्प्समधलं झऱ्याचं पाणी येतं. त्याची पहिली मोठी जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली.

रविवारी दुकानं बंद, सुपरमार्केटसुद्धा, आणि शनिवारी ती संध्याकाळी सहाला मिटतात. उघडी असतात ती प्राटरश्टेर्न आणि हाउप्टबानहोफ या स्टेशनांमधली, तिथे रांगा लागतात. नाशमार्क्टही रविवारी बंद. मुक्कामात रविवार येत असेल तर तो संग्रहालयाला द्या. सोमवारी उलट होतं, बरीच संग्रहालयं बंद. शोनब्रून राजवाडा आणि वरचं बेल्व्हेडेर हे संग्रहालय यांची तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन काढा. शोनब्रूनची बाग फुकट आहे, सकाळी लवकर जा.

एकटं असण्याचा खरा फायदा श्टाट्सओपेराच्या, म्हणजे सरकारी ओपेरागृहाच्या, उभं राहून बघायच्या तिकिटांत आहे. ही स्वस्त तिकिटं त्याच दिवशी निघतात आणि एक जागा चटकन मिळून जाते. पार्टेरची, म्हणजे तळमजल्यावरची मागा, ती जागा मधल्या मोठ्या बॉक्सच्या खाली, रंगमंचाच्या अगदी समोर आहे. आत गेल्यावर कठड्याला स्कार्फ किंवा ओढणी बांधायची. ती गाठ म्हणजे तुमची जागा. मग बाहेर फिरून या, कुणी तिला हात लावत नाही. कठड्यावर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजीत संवाद येतात. बूट आरामाचे घाला, तीन-चार तास उभं राहायचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ओपेरा बंद असतो. रस्त्यावर मोझार्टच्या वेषात तिकिटं विकणारी मंडळी भेटतील, ती या ओपेराची तिकिटं नसतात.

पैशांचं: कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करा, तो आपोआप चालू नसतो. मशीनने 'रुपये की युरो' विचारलं तर नेहमी युरो, नाहीतर दर मशीनवाला ठरवतो. दोन कार्डं दोन वेगळ्या जागी, आणि शंभर-दीडशे युरो रोख, कारण जुन्या कॅफेंत कार्ड नाकारतात. आपल्या तीन पिनचा प्लग तिथे बसत नाही.

सुरक्षेची काळजी रात्रीपेक्षा गर्दीत जास्त घ्या. खिसेकापू श्टेफान्सप्लात्झ आणि कार्लसप्लात्झच्या उबानमध्ये असतात. पाठपिशवी पोटाशी घ्या, फोन दाराजवळ उभं राहून हातात धरू नका. शुक्रवार-शनिवारी उबान रात्रभर चालते, इतर दिवशी साडेबाराच्या सुमारास थांबते आणि मग रात्रीच्या बस. पोलीस १३३, रुग्णवाहिका १४४, कशालाही ११२. पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधांच्या दुकानात मिळते, घरून न्या.

आणि एक कागद. त्यावर हॉटेलचा पत्ता, घरचे दोन नंबर, विम्याचा पॉलिसी नंबर आणि हेल्पलाइन, पासपोर्ट नंबर, कार्ड बंद करायचा बँकेचा नंबर. एक प्रत बॅगेत, एक जॅकेटच्या आतल्या खिशात, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स त्याच्यासोबत, आणि या सगळ्याचा फोटो घरच्या कुणाकडे तरी. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तो ओपेराजवळच केर्ंटनर रिंगवर आहे.

कोणत्या महिन्यात जाताय ते लिहिलं नाहीत. डिसेंबरमध्ये चारलाच अंधार पडतो, जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवसाची आखणी पूर्ण बदलते. महिना सांगा, मग रोजचा क्रम लावून देते.