परत बघ

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि खरं सांगतो, आधी रागच आला. "सर, सोलापुरात मन भरून यावं असं काहीच नाही. ध्यानाचं ॲप लावून बघितलं, त्यानेही काही झालं नाही. दहा दिवस हिमालयात जाऊन येऊ का?" जा की! हिमालय बघावाच माणसाने. पण परत आल्यावर अकराव्या दिवशी काय करणार, ते तू लिहिलेलं नाहीस.

रागामागची काळजीही सांगतो. तुला काही भिडत नाही आणि त्याचा त्रास होतो, म्हणूनच मी लिहायला बसलो. ज्याला त्रासही होत नाही त्याच्यासाठी माझ्याकडे शाई नाही. माझं सांगणं एकच आहे आणि या पत्रात ते पुन्हा पुन्हा येईल: जे रोज दिसतं ते परत बघ.

काल रात्री काय जेवलास? ज्वारीची भाकरीच असणार. ती मालदांडी जातीची. पेरतात कधी, तर पाऊस परतायच्या बेताला. पुढचे चार महिने आभाळातून थेंब येईल याची खात्री नाही. काळ्या रानाने पावसाळ्यात पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ते पीक माणसाच्या डोक्यावर जातं. आणि ते काळं रान आलं कुठून? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या दख्खनवर लाव्हारस पसरला, थरावर थर साचले, त्याचा काळा पाषाण झाला, ऊन-पावसाने तो झिजला आणि त्याची माती झाली. मे महिन्यात त्या मातीला भेगा पडतात तेव्हा हात घालून बघ, कोपरापर्यंत आत जातो. शेंगाचटणी लावून, मोबाइलवर डोळे ठेवून तू चार घासांत संपवतोस त्या भाकरीमागे एवढं सगळं उभं आहे. परत बघ.

आपल्याच जिल्ह्यातलं अरण तुला माहीत आहे. पंढरपूर जवळ असूनही सावता महाराज कधी वारीला गेले नाहीत, असं परंपरा सांगते. त्यांना कांद्या-मुळ्यांतच विठ्ठल दिसला. त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते, देव स्वतः भक्ताच्या मळ्याकडे निघतो. ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकतोस. ती तुझ्यासाठीच सांगितली जाते, हे कधी मनात आलं का?

आता तुझ्या वडिलांचा माग. त्याच्या खडखडाटाचा तुला लहानपणापासून वीट आलाय, हे तूच मला सांगितलंस. पण मागावर नक्षी उतरवणाऱ्या त्या जेकार्ड यंत्राच्या माथ्याकडे नीट बघितलंस कधी? पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ तिथे फिरत असते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. पुढचा पत्ता, पुन्हा तेच. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोन गोष्टींतून चादरीवर मोर उतरतो! चादर उलटी कर, तोच मोर, रंगांची अदलाबदल झालेला. जोसेफ मारी जाकार नावाच्या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती साधली. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पत्त्यांची कल्पना इथूनच उचलली. तू कॉम्प्युटर शिकतोस, त्याची फी या मागावर भरली जाते, आणि तुझ्या विषयाचं मूळ तुझ्याच घरात खडखडतंय. तरी म्हणतोस, इथे काहीच नाही!

"एखादी गोष्ट कशी चालते ते कळलं की तिच्यातली जादू जाते," असंही तू लिहिलंस. हे मला अजिबात मान्य नाही. आयुष्यभर विज्ञान शिकवलं ते याच हट्टाने. न कळता वाटलेलं आश्चर्य दोन दिवसांत विरतं. कळल्यावर वाटलेलं मुरतं.

तुला शास्त्राचा आधार लागतो, म्हणून तोही देतो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयस्क माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं होतं. त्यातल्या एका गटाला जास्तीची सूचना होती: लहान मुलाच्या नजरेने बघत चला. चालताना स्वतःचा फोटो मात्र सगळ्यांनीच काढायचा. त्या गटाच्या फोटोंत आठवड्यागणिक माणूस लहान होत गेला, मागचा परिसर मोठा होत गेला आणि चेहऱ्यावरचं हसू वाढलं. 'मी' लहान झाला की जीव मोकळा होतो, हे आपण कीर्तनात ऐकत आलो. तिथे ते फोटोत मोजलं गेलं.

माझी एक सल सांगतो. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. तरुणपणी मी तिथे माळढोक बघितला. जवळजवळ मीटरभर उंचीचा, एवढा जड पक्षी गवतातून उडालेला बघितला आणि 'झाला बघून' म्हणून यादीतून खोडला. पुन्हा जाईन म्हणता म्हणता माळरान आक्रसत गेलं. आता तो तिथे जवळजवळ दिसतच नाही. परत बघायला काही उरेलच, असं धरून चालू नकोस.

मुलगा पुण्याला चला म्हणतो, मी जात नाही. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. ज्या गावाकडे रोज बघूनही माझं बघणं संपलेलं नाही, ते मी का सोडू? तिकडे गेलो असतो तर दवाखाना जवळ पडला असता, नातवंडं भेटली असती, हे मला कळतं. तरीही नाही.

हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या रानात जायचं आहे. तू ये. फोन घरी ठेव. त्याआधी एका संध्याकाळी वडिलांच्या मागापाशी उभा राहा आणि एका पत्त्यावर किती भोकं असतात ते त्यांना विचार. काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
सर