पहिलीत पोर, घरभर घोर

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले की पत्रं यायला लागतात, हे मला आता पाठच झालंय. जूनमधे सगळे फोटो काढण्यात गुंग असतात, फुगे, गुलाबाचं फूल, कुठं कुठं तर बैलगाडीतून मिरवणूक, आणि ऑगस्ट लागला की तीच माणसं विचारतात, ताई आमच्या पोराचं काय खरं नाही वाटतंय. मी झेडपीच्या शाळांमधे २९ वर्षं पहिलीलाच शिकवलं, कोरेगाव आणि खटाव तालुक्यात, तेव्हा पुस्तकातलं कमी आणि वर्गात बघितलेलं जास्त सांगते. ह्यावेळी पाच पत्रं घेतलीयत.

ताई, माझा मुलगा गावच्या झेडपी शाळेत पहिलीला आहे. शेजारची मुलगी इंग्लिश मीडियमला, तिच्या वहीत रोज पानंच्या पानं लिहिलेली आणि आमचा अजून रेघोट्या मारतोय, चिंचोके मोजतोय, गाणी म्हणतोय. अक्षर काढलं तर उलटं, ३ लिही म्हटलं की ६ काढतो. मॅडम गृहपाठ पण देत नाहीत. मी रोज संध्याकाळी दोन तास घेऊन बसते तर रडतो. आमचं काही चुकतंय का? (एक आई, कराड)

ते दोन तास चुकतायत, बाकी सगळं बरोबर चाललंय.

आधी हाताचं सांगते. सहा वर्षांच्या पोराच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर मोठ्या माणसाची आठ हाडं असतात तिथं तेवढी दिसतच नाहीत, एखाददुसरं अजून कूर्चाच असतं, हाड व्हायचं असतं. बोटांचे बारीक स्नायू पण कच्चे. अशा हातात पेन्सिल देऊन दोन दोन पानं ‘क क क क’ काढून घेतलं की पोरगं पेन्सिल मुठीत आवळून धरतं, खांद्यापासून जोर लावतं, हात दुखायला लागतो आणि मग त्याला वाटतं लिहिणं म्हणजे हात दुखणं. ही पेन्सिल धरायची सवय एकदा बसली की चौथीपर्यंत सुटत नाही, मी असे कितीतरी हात बघितलेत. म्हणून तुमच्या मॅडम जे रेघोट्या आणि चिंचोके करतायत ना, ते हात तयार करायचं काम आहे, मॅडमना नावं ठेवू नका. घरी तुम्ही लसूण सोलायला द्या, शेंगा फोडायला द्या, कणकेचे गोळे करू द्या, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायला सांगा. अंगठा आणि पहिलं बोट ह्या दोघांचं जमलं की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

आता ३ आणि ६. ह्यात तुमच्या मुलाची काहीच चूक नाही हो. सहा वर्षं आपण त्याला काय शिकवलं, तांब्या सरळ ठेवला तरी तांब्या, उलटा घातला तरी तांब्याच, चप्पल कशीही पडली तरी चप्पलच. आणि आता अचानक म्हणतो की हे चिन्ह इकडं तोंड करून असलं तर तीन आणि तिकडं फिरवलं तर सहा, ते त्याला कसं पटणार! मराठी अंकांत ही जोडी तर अगदी आरशातलीच आहे. तशीच घ-ध आणि म-भ ची गंमत, एवढ्याशा गाठीवर अक्षर बदलतं. सात वर्षांच्या आसपास बहुतेक पोरांचं हे आपोआप सुटतं. जमिनीवर खडूनं हा एवढा मोठा ३ काढा, त्यावरून चालायला लावा, बास. दुसरी संपत आली तरी अक्षरं सारखी उलटीच पडतायत असं झालं तर मात्र बाईंशी बोला आणि डॉक्टरांना पण दाखवा, डोळे तपासून घ्या.

आणि लिहिण्याच्या आधी कान. वाचता येण्यासाठी पोराला हे ऐकू यायला लागतं की ‘कमळ’ मधे आधी क आहे आणि शेवटी ळ आहे. हे पाटीवर कळत नाही, तोंडानं खेळून कळतं आणि आपल्याकडं त्याचा खेळ आयता आहे, भेंड्या. गाण्याच्या नको, शब्दांच्या. एसटीत बसल्या बसल्या, भाकरी करता करता, तो म्हणाला ‘बस’ तर तुम्ही म्हणा ‘समई’. पंधरा-वीस मिनिटं रोज, तुमच्या दोन तासांपेक्षा जास्त उपयोग होईल. आमच्या वेळी बऱ्याच शाळांत अ अननसाचा असं न करता ग म भ न पासून सुरुवात करायचे, कारण वळणं सोपी आणि चारच अक्षरांत मन, मग, नग, नभ असे शब्द लगेच वाचता येतात. पोराला चौथ्या दिवशी ‘मला वाचता येतं’ असं वाटतं, ते वाटणं फार महत्त्वाचं.

गृहपाठाचं म्हणाल तर केंद्र सरकारचं २०२० चं दप्तराचं धोरण आहे त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलंय. आणि ५ जुलै २०२१ ला केंद्राचंच निपुण भारत अभियान सुरू झालं त्यातसुद्धा समजून वाचणं आणि साधी गणितं येणं ह्याला मुदत तिसरी संपेपर्यंतची आहे. सरकार तीन वर्षं थांबायला तयार आहे आणि आपण दोन महिन्यांत निकाल मागतोय. शेजारणीला काय सांगायचं ते मी नाही सांगत, पण एक करून बघा, त्या मुलीच्या वहीतलं एक वाक्य तिला वाचून अर्थ विचारा. सगळ्यांचं नाही म्हणत मी, पण बऱ्याच वेळा ते फळ्यावरचं चित्र काढल्यासारखं उतरवलेलं असतं.

नातू मिरजेच्या शाळेत पहिलीत आहे, मी तासगावात असतो, शनिवार-रविवार माझ्याकडं येतो. बत्तीस लिही म्हटलं की २३ लिहितो. एकोणतीस म्हटलं की ३९. आमच्या वेळी पहिलीत पाढे तोंडपाठ होते, पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणायचो. हल्ली पाया कच्चा राहतो असं माझं मत आहे. (एक आजोबा)

आजोबा, नमस्कार. नातवाचा कान एकदम पक्का आहे, म्हणून तो चुकतोय! ब-त्तीस, म्हणजे तोंडानं आपण आधी दोन म्हणतो आणि मग तीस, आणि लिहिताना आधी ३ मग २. पोरगं जसं ऐकलं तसं डावीकडून लिहितं, २३. इंग्रजीत आधी थर्टी मग टू, त्यामुळं तिकडच्या पोरांना हा त्रास कमी. एकोणतीसचं तर आणखी अवघड, कानाला तीस ऐकू येतं आणि आकडा विसात. एकोण म्हणजे एक कमी हे आपल्याला माहीत, त्याला कुणी सांगितलंय का? आणि एकोणवीस, एकोणतीस, एकोणऐंशी करत नियम बसला असं वाटलं की शेवटी नव्व्याण्णव येऊन तो नियम मोडतं. २०१९ मधे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं त्रेसष्ट बरोबर ‘साठ तीन’ असं दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, टीव्हीवर विनोद, विधानसभेत प्रश्न. मला स्वतःला आपले जुने शब्द जायला नको होते, पण ज्यांनी तो बदल सुचवला त्यांनी पोरांची नेमकी हीच अडचण बघितली होती, एवढं तर मान्य करायला लागेल.

तुम्ही तासगावात आहात म्हणजे साधन घरातच आहे. बेदाणे घ्या. दहा दहाच्या ढिगल्या करायला लावा, एका वाटीत दहा. तीन वाट्या आणि दोन सुटे. मग विचारा वाट्या किती, त्या आधी लिहायच्या, सुटे नंतर, आणि मग म्हणायचं बत्तीस. एकोणतीसला तीन वाट्या भरायला घ्या आणि तिसरीतला एक बेदाणा त्यालाच खायला द्या, तीसला एक कमी पडला, एकोण-तीस. जन्मात विसरणार नाही. काड्यापेटीच्या काड्या आणि रबर घेऊन आम्ही वर्गात हेच करायचो पण काड्या खाता येत नाहीत.

पाढे म्हणा की खुशाल, चालीत म्हणा, पोरांना आवडतं. फक्त वाट्या आधी.

आम्ही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळे सात वर्षं कोइमतूरला होतो. मुलगी तिकडंच वाढली, बाहेर तमिळ बोलायची, घरात आपली गावाकडची मराठी. आता सासूबाईंजवळ विट्याला ठेवून पहिलीत घातलीय, मीही इथंच आहे. दोन महिने झाले वर्गात एक शब्द बोलत नाही. पोरं हसतात. सर म्हणाले मुलीला काही प्रॉब्लेम आहे का बघा. (एक आई, विटा)

खानापूर-आटपाडीकडची किती घरं अशी देशभर विखुरलीयत, त्यामुळं हा प्रश्न एकटीचा नाही. घरात बोलते ना? आज्जीशी भांडते ना, कामं सांगितली की कळतात ना? मग घाबरू नका. नव्या भाषेच्या वर्गात पडलेली पोरं आधी नुसती ऐकतात, काही आठवडे, काही जणांना तर चार-पाच महिने लागतात, आणि मग एक दिवस अख्खं वाक्यच बोलून मोकळी होतात. ह्या काळात ‘बोल, बोल की’ असं चारचौघांत करायचं नाही. घरात बोलतच असेल पण शाळेत दिवाळीनंतरही तोंड उघडलं नाही, किंवा घरीसुद्धा बोलणं कमी झालं, ऐकू कमी येतंय असं वाटलं, तर बालरोगतज्ज्ञांकडं जा.

तमिळ बंद करू नका. लोक सांगतील, दोन भाषांनी गोंधळ होतो म्हणून, कुणाचं ऐकू नका. उलट सरांना सांगा की तिला एक दिवस वर्गाला तमिळ आकडे शिकवू दे. ओन्नू, रंडू, मूनू, नालू, अंजू. पाचाला अंजू म्हणतात हे कळल्यावर वर्गात एखादी अंजू असेल तर काय धमाल येईल विचार करा. जी पोरं हसतात तीच मधल्या सुट्टीत तिच्यामागं लागतील, अजून सांग म्हणून.

आणि सरांसाठी एक, मासिक त्यांच्यापर्यंत पोचलं तर. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एक पोरगं रडत आलं, ‘बाई, म्या न्हाय मारलं त्याला’, आणि मी शहाणी काय म्हणाले, ‘म्या नाही, मी म्हणावं.’ त्याला न्याय पाहिजे होता आणि मी व्याकरण दिलं. ते पोरगं नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोललं नाही, आणि मी आजही ते विसरलेले नाही. पोराची घरची बोली ही त्याची पहिली शिदोरी असते, ‘न्हाय’ वर उभं राहूनच ते ‘नाही’ पर्यंत जातं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा असावी असं लिहिलंय. मग पोरगं घरची भाषा बोललं तर हसायचं कशाला?

मुलगी ७ नोव्हेंबरला सहा पूर्ण करणार. शाळेनं पहिलीत घेतलीय. वर्गात सगळ्यात लहान दिसते, दमते, घरी आली की चिडचिड. दोन वेळा शाळेत चड्डीत शू झाली, बाई सगळ्यांसमोर बोलल्या, आता ती सकाळी पाणीच पीत नाही. एक वर्ष थांबायला हवं होतं का? सासूबाई म्हणतात विद्यार्थी दिनाचा जन्म आहे, हुशारच निघणार. (एक आई, सातारा)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव आपल्या साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालं, म्हणून तो विद्यार्थी दिन, पण तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि वर्ग इंग्रजी पहिलीचा, म्हणजे मराठी शाळेनंतरचा होता, तेव्हा त्या दाखल्यावर घाई करता येणार नाही!

नियमात बसतं तुमचं, ३१ डिसेंबरला सहा पूर्ण पाहिजेत. पण त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेलं पोर तिच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठं असतं, आणि सहा वर्षांच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे फार. आता काढू नका. सरावली तर दिवाळीपर्यंत सरावेल. ह्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेव्हा साडेआठला टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि घरी आल्याआल्या ‘आज काय शिकवलं’ हा प्रश्न बंद. आधी खायला द्या.

शू चं आधी बघा, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकदा बाईंना विचारून तिच्याबरोबर शाळेच्या बाथरूमपर्यंत जाऊन या. कडी वर आहे का, अंधार आहे का, पाण्याची बादली जड आहे का, मोठ्या मुली दार ढकलतात का. निम्म्या वेळा कारण तिथंच सापडतं. आत घालायला सैल इलॅस्टिक, नाडी आणि हूक नको. दप्तरात एक चड्डी आणि पिशवी, गाजावाजा न करता. पाणी कमी प्यायलं की शौचाला घट्ट होते, पोट भरलेलं राहतं, त्याचा दाब लघवीच्या पिशवीवर येतो आणि मग आणखीनच अचानक होते, म्हणजे पाणी तोडून उलटंच होतं. जळजळ, ताप असेल तर लघवी तपासून घ्या.

बाईंना एकटं गाठून सांगा की मधल्या सुट्टीआधी तिला आठवण करा, ती विचारायला लाजते. बहुतेक बाई ऐकतात. नाही ऐकलं तर मुख्याध्यापकांकडं जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मधे मारायला बंदी आहे तशीच मानसिक त्रास द्यायलाही आहे, आणि चारचौघांत चड्डीवरून बोलणं हा मानसिक त्रास नाही तर काय.

मुलाचा पुढचा दात पडला आणि मागं एक नवी दाढ आलीय, तिला कीड लागलेली दिसते. दुधाचीच असणार, पडेल ना? (एक वडील, वाई)

नाही पडणार. ती सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ आहे, दुधाच्या दाढांच्या मागून येते, कुणाला पाडून येत नाही, म्हणून सगळे फसतात. आठवड्याच्या आत दाताच्या डॉक्टरकडं जा आणि रात्री ब्रश तुम्ही स्वतः करून द्या.

आणि पुढचा दात नसेपर्यंत ‘ससा’ वाचताना शिट्टी वाजणार, ‘तळ्यात’ चं भलतंच काहीतरी होणार. हसा पाहिजे तर त्याच्याबरोबर. दुरुस्त करायला दात आल्यावर बघू.