मुशीची नाळ आणि मुशीची वार

मुशी म्हणजे आपल्याकडचा छोटा शार्क. तिच्याबद्दल एकाने विचारले आहे: "मुशी साफ करताना पोटात पिल्ले निघाली, प्रत्येकाला दोरीसारखी नाळ. मासा असून नाळ? मग 'मुशीला वार असते' असे लिहिले तर चुकेल का?"

नाही चुकणार. तोच शब्द वापरा.

आधी नाळ आणि वार वेगळ्या करू. नाळ ही दोरी. ती आईच्या गर्भाशयाशी जिथे जोडली जाते तो मांसल भाग म्हणजे वार. बोलताना आपण गल्लत करतो, गोठ्यात कोणी करत नाही. म्हैस व्यायली की पहिला प्रश्न, "वार पडली का?" काही भागांत तिलाच जार म्हणतात. हा संस्कृत 'जरायु'चाच झिजलेला अवतार, 'जरायुज' (वारेसह जन्मणारा) या शब्दातला. आयुर्वेदातला 'अपरा' लेखात शोभतो, पण मासळीबाजारात बोलून बघा!

आता मुशी. आपल्या किनाऱ्यावरची छोटी मुशी, कॉलेजात पूर्वी 'स्कोलिओडॉन' म्हणून चिरायचे ती, तिचे अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे. एवढ्याशा अंड्यात पिलाला पुरेल इतका बलक मावणार कुठे? म्हणून बलकाची पिशवीच गर्भाशयाला चिकटते आणि तिची वार होते. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला उताणे करून पाहा, छातीच्या दोन परांमध्ये चक्क बेंबीसारखी खूण असते. जुनी वर्गवारी माशांना सरसकट अंडज म्हणते, ती इथे फसते.

माणसाची वार गर्भाच्या दुसऱ्याच आवरणांपासून घडते. उत्क्रांतीत दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. म्हणजे 'वार' हे नाव कामावरून पडलेले आहे, वंशावरून नाही; कावळ्यालाही पंख आणि फुलपाखरालाही पंख, तसेच. फार लांब कशाला, म्हशीची आणि बाईची वार तरी कुठे सगळी सारखी? माणसाच्या वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळवणारे 'सिन्सिटिन' नावाचे प्रथिन मुळात एका विषाणूच्या जनुकातून आले, हे २००० साली कळले. गाईगुरांत तेच काम करणारे प्रथिन आहे, पण ते निराळ्या विषाणूकडून आलेले.

फक्त 'शार्कची वार' असे सरसकट लिहू नका. काही शार्क अंडी घालतात, तर काहींची पिल्ले पोटातच अंड्यातून फुटून बलकावर वाढतात. त्यांना वार नसते.